एकादशी गेली, हिशेब राहिला



गेल्या वर्षभरात गेवराईत मला एकच प्रश्न चार-पाच जणींनी तरी विचारला. कुणी मंदिरात, कुणी भाजी घेताना, कुणी लग्नाच्या पंगतीत. "तुम्ही जैन माणसं ना? मग उत्तम क्षमा म्हणायची आणि दहा हजारांसाठी विमान कंपनीवर केस करायची, हे कसं?" विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. माझ्याच मनात हा प्रश्न आधी येऊन गेला होता. म्हणून आज सगळं सविस्तर लिहिते. काय झालं, कायदा काय सांगतो, आम्ही काय मागितलं आणि काय मागितलं नाही, ते सगळं.

आमच्या सासूबाईंची, म्हणजे आईंची, फार वर्षांची इच्छा होती. मार्गशीर्ष वद्य एकादशीला भगवान पार्श्वनाथांचं जन्मकल्याणक असतं. दीक्षाकल्याणकही त्याच तिथीचं. त्या दिवशी सम्मेद शिखरजीला, पार्श्वनाथांच्या टोकेवर माथा टेकवायचा, असं त्यांनी मनाशी धरलेलं. आमचे सासरे असताना दुकान, मग मुलींची लग्नं, मग सासऱ्यांचं आजारपण. पैठणला मुनिसुव्रतनाथांच्या दर्शनाला त्या शनि अमावास्येला जात, कचनेरला चिंतामणी पार्श्वनाथांकडे वर्षातून एकदा जात, पण शिखरजी राहूनच गेलं. आता वय ७४. गुडघे दुखतात. "आता नाही तर कधीच नाही," असं त्या स्वतःच म्हणाल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शिखरजी झारखंडच्या गिरिडीह जिल्ह्यात आहे. डोंगराला पारसनाथ म्हणतात, आणि तो त्या राज्यातला सगळ्यात उंच डोंगर. चोवीसपैकी वीस तीर्थंकर तिथून मोक्षाला गेले. उरलेल्या चौघांपैकी आदिनाथ कैलासावरून, वासुपूज्य चंपापुरीहून, नेमिनाथ गिरनारहून आणि महावीर पावापुरीहून. पायथ्याला मधुबन नावाचं गाव. वंदना साधारण २७ किलोमीटरची. नऊ चढ, नऊ टोकांची फेरी, नऊ उतार. लोक रात्री दोन-तीनलाच निघतात, म्हणजे ऊन चढायच्या आत वर पोचता येतं. डोंगरावर आपल्यातले बहुतेक जण काही खात नाहीत. वयस्कांसाठी डोली असते.

रेल्वेने गेलो असतो तर आईंना दोन रात्री गाडीत काढाव्या लागल्या असत्या. कापसाचे दिवस, यांना दुकानातून जास्त सुट्टी काढता येत नव्हती. म्हणून विमानाचं ठरलं. छत्रपती संभाजीनगरहून मुंबई, मुंबईहून रांची, आणि रांचीहून टॅक्सीने मधुबन. दोन्ही विमानं एकाच कंपनीची, एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर. ही एकाच तिकिटाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच सगळं उभं आहे.

दशमीला पहाटे साडेतीनला आम्ही गेवराई सोडलं. चिकलठाण्याचं विमानतळ आमच्यापासून नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. पहिलं विमान ७.४० चं, मुंबईत पोचायचं ८.५० ला. दुसरं विमान १०.५० चं. मध्ये दोन तास. दुपारी रांची, रात्री मधुबन, आणि पहाटे डोलीने वर, असा बेत होता.

साडेसहाला पहिला मेसेज आला की विमानाला एक तास उशीर. मग आणखी एक तास. मग परत. कारण विचारलं तर "ऑपरेशनल रीझन" एवढंच. आमच्या ह्यांनी काउंटरवर स्पष्ट विचारलं, "मुंबईचं पुढचं विमान सापडणार आहे का? नसेल तर आत्ताच सांगा, आम्ही दुसऱ्या रस्त्याने जातो." उत्तर मिळालं, "काळजी करू नका, मुंबईत आमची माणसं सगळं बघतील." आम्ही विश्वास ठेवला. साडेतीन तास उशिरा, १२.२० ला मुंबईत उतरलो. रांचीचं विमान दीड तासापूर्वी गेलेलं. तिथल्या रांगेत दोन तास उभं राहिल्यावर कळलं की पुढची जागा दुसऱ्या दिवशी सकाळी १०.५० ला. दुसऱ्या कंपनीच्या विमानाने किंवा कोलकात्यामार्गे पाठवता का, विचारलं. नाही म्हणाले. हॉटेल? तेही "नियमात बसत नाही".

आई खुर्चीवर बसून जप करत होत्या. त्यांना मी सांगायला गेले तर त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाल्या, "म्हणजे उद्या एकादशीला आपण वर नसणार." एवढंच. त्यानंतर दिवसभर त्या विषयावर एक शब्द नाही.

जेवणाचंही ऐका, कारण प्रवास करणाऱ्या आपल्या प्रत्येकीला हे उपयोगी आहे. दोन तासांपेक्षा जास्त उशीर झाला तर अशा छोट्या पल्ल्याच्या विमानाच्या प्रवाशांना खाणं-पिणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे. आम्हाला सकाळी काहीच मिळालं नाही. मुंबईत कुपनं हातात पडली ती संध्याकाळी सातला. डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. आमच्याकडे रात्री जेवण नाही, आई तर रात्री पाणीही घेत नाहीत. आणि कुपन चालणाऱ्या दुकानांत होतं काय, तर बटाटेवडा, कांदा-लसणाचे रोल, आलू पराठा. तिन्ही कुपनं तशीच परत आली, अजून कागदांच्या फाइलमध्ये आहेत. बरं की मी दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची बिनलसणाची चटणी, खाकरे आणि घरचं गाळून उकळलेलं पाणी बरोबर घेतलं होतं. साडेपाचला तिघांनी एका कोपऱ्यात बसून जेवून घेतलं. ज्यांचा रात्रिभोजनत्याग आहे त्यांनी विमानात, रेल्वेत, कुठेही आपला डबा सोडू नये.

रात्री विमानतळाजवळ स्वतःच्या पैशाने खोली घेतली. एकादशीच्या दुपारी रांचीला उतरलो, मधुबनला पोचेपर्यंत अंधार पडला. खालच्या मंदिरांत दर्शन घेतलं. आई म्हणाल्या, "पायथ्याला का होईना, तिथी चुकली नाही." दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, डोलीने वंदना झाली. पार्श्वनाथांच्या टोकेवर त्या बराच वेळ बसल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पाहावंसं वाटलं नाही.

तिथली एक गोष्ट सांगायलाच हवी. डोलीवाल्यांना आम्ही आगाऊ दीड हजार दिले होते, एकादशीच्या पहाटेसाठी. ते पहाटे दोनला येऊन परत गेले. त्यांचा एक दिवस बुडाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आगाऊ रक्कम बुडीत धरली नाही, उरलेलेच पैसे मागितले. ह्यांनी त्यांना एका दिवसाची मजुरी वरून दिली, कारण चूक त्यांची नव्हती. या माणसांचा हिशेब स्वच्छ होता. मग मोठ्या कंपनीचा का नसावा, हा विचार माझ्या डोक्यात तिथेच आला.

घरी आल्यावर मी वहीत जमा-नावे लिहिलं. मुंबईची खोली ३,४०० रुपये. रिक्षा ३६०. रांचीच्या टॅक्सीची बुडालेली आगाऊ रक्कम २,०००. मधुबनच्या न वापरलेल्या खोलीचे ८००. एकूण ६,५६०. डोलीवाल्यांना दिलेली जादा मजुरी मी यात धरली नाही. ते आमच्या मनाने दिलेलं होतं.

कंपनीला ईमेल लिहिला. आठ दिवसांनी उत्तर आलं. दिलगिरी, आणि प्रत्येकी १,५०० रुपयांचं व्हाउचर. सहा महिन्यांत त्यांच्याच विमानासाठी वापरायचं, आणि ते स्वीकारलं की आमची कोणतीही तक्रार उरली नाही असं धरलं जाईल. नणंद म्हणाली, घेऊन टाका. पण आमच्याकडे सहा महिन्यांत कोण विमानाने जातंय?

तेव्हा मला पर्युषणातलं वाचन आठवलं. दशलक्षणाच्या दहा दिवसांत आपण तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय रोज एक असे वाचतो. सातव्या दिवशी व्रतांचा अध्याय येतो. त्यात सत्य-अणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत. त्यातला एक न्यासापहार. कुणी आपल्याकडे ठेव ठेवली, ती परत मागताना रक्कम विसरला, कमी मागितली, आणि आपण "हो, एवढीच होती" म्हणून तेवढीच दिली, तर तो दोष. चोरी वाटत नाही, कारण मागणाऱ्यानेच कमी मागितलं. पण शास्त्राने त्याला असत्यात धरलंय. प्रवाशाला त्याचा हक्क माहीत नाही, म्हणून त्याला व्हाउचर देऊन "एवढंच होतं" म्हणायचं, हे मला त्याच जातीचं वाटलं. मग मी ठरवलं की आपला हक्क नेमका किती, हे आधी कळून घ्यायचं. जास्तही नको, कमीही नको.

माझा भाचा संभाजीनगरला वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्या मदतीने जे कळलं ते साध्या शब्दांत सांगते.

आपल्या देशात विमान प्रवाशांसाठी डीजीसीएचे नियम आहेत. त्यात रोख भरपाई मुख्यतः दोन गोष्टींना ठरवून दिली आहे. पहिली, तिकीट असूनही जागा नाही म्हणून चढू दिलं नाही तर. तासाभरात दुसरं विमान दिलं तर काही नाही. २४ तासांच्या आतलं दिलं तर एका बाजूच्या मूळ भाड्याच्या आणि इंधन आकाराच्या दुप्पट, जास्तीत जास्त १०,००० रुपये. त्याहून उशिराचं दिलं तर चौपट, जास्तीत जास्त २०,०००. दुसरी, वेळेत न कळवता विमान रद्द केलं, किंवा एकाच तिकिटावरचं पुढचं विमान चुकलं, आणि चालेलसं दुसरं विमान दिलं नाही तर. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,०००, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५००, त्याहून लांबच्याला १०,०००, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांतलं जे कमी असेल ते. कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर हेही नाही. आणि नुसत्या उशिराला? खाणं-पिणं, सहा तासांपुढे दुसरं विमान किंवा पैसे परत, रात्रीच्या किंवा फार लांबलेल्या उशिराला हॉटेल. ठरलेली रोख भरपाई नाही. म्हणजे आमच्यासारख्यांना, ज्यांचं विमान उशिरा आल्याने पुढचं चुकलं पण ज्यांनी कंपनीचं दुसऱ्या दिवशीचं विमान घेतलं, त्यांना या कोष्टकात सरळ खूण करायला जागा नव्हती.

युरोपात असं नाही. तिथे २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम आहे. एकाच बुकिंगवरचं पुढचं विमान चुकलं आणि शेवटच्या मुक्कामाला तीन तास किंवा जास्त उशीर झाला, तर अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो मिळतात. मोजायचा तो शेवटच्या विमानतळावरचा उशीर, असा युरोपच्या न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे. ज्यांची मुलं जर्मनी-नेदरलँडला आहेत त्यांनी हे जरूर सांगून ठेवा. तिथल्या विमानतळावरून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला तो लागू आहे. इथून तिकडे जाताना मात्र कंपनी युरोपातली असेल तरच.

मग आपल्याकडे काहीच वाट नाही का? आहे. ग्राहक कायदा. आपल्याकडे ही जागृती मराठी माणसांनी घडवलेली. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ मध्ये, देशाचा पहिला ग्राहक कायदा आला. आताचा कायदा २०१९ चा. त्यात बायकांसाठी, गावातल्या माणसांसाठी एक मोठी सोय आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. कंपनीचं ऑफिस कुठेही असो, आमची तक्रार बीडलाच चालणार होती. मोजलेली किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. वकील लागतोच असं नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची.

आणि सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल तर आमच्यासारखाच. २०१६ च्या जूनमध्ये एका कुटुंबाची जम्मूला जाणारी रेल्वे चार तास उशिरा पोचली आणि श्रीनगरचं विमान चुकलं. टॅक्सीने जावं लागलं, श्रीनगरच्या बोटीचं बुकिंग वाया गेलं. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये न्यायालयाने सांगितलं की उशीर आपल्या हाताबाहेरचा होता हे रेल्वेने दाखवून द्यायला हवं, नाही तर ती जबाबदार आहे. टॅक्सीचे १५,०००, बुकिंगचे १०,०००, मनस्तापाचे ५,००० आणि खटल्याच्या खर्चाचे ५,००० कायम झाले. पण उलटा निकालही आहे, तोही भाच्याने दाखवला. धुक्यामुळे अडकलेल्या एका विमानाच्या प्रकरणात २०११ मध्ये त्याच न्यायालयाने प्रवाशाला मिळालेले १०,००० रुपये रद्द केले. धुकं कंपनीने आणलेलं नव्हतं. म्हणजे सगळा मुद्दा कारणाचा. आमच्या विमानाचं कारण कंपनीने कधी सांगितलंच नव्हतं.

भाच्याने मसुदा करून आणला. छान टाइप केलेला. त्यात एक लाख रुपये मागितले होते. आणि लिहिलं होतं की आजींचा रक्तदाब वाढला, त्यांना चक्कर आली, त्यांची प्रकृती खालावली. मी विचारलं, "हे कधी झालं?" तो म्हणाला, "मामी, असं लिहावं लागतं. एक लाख मागितले तर वीस मिळतात."

मी तो कागद आईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "मला चक्कर आली नव्हती. मी जप करत होते."

तक्रारीबरोबर शपथपत्र द्यायचं असतं. त्याच सूत्रात न्यासापहाराच्या शेजारी आणखी एक अतिचार आहे, कूटलेखक्रिया. खोटा लेख करणं. मी भाच्याला म्हटलं, कंपनीने न्यासापहार केला म्हणून आपण कूटलेख करायचा, तर मग आपल्यात आणि त्यांच्यात काय फरक राहिला? तो थोडा नाराज झाला. ह्यांचंही मत त्याच्या बाजूचं होतं. "व्यापारात थोडं वाढवूनच सांगतात," असं म्हणाले. दोन दिवस घरात त्यावरून कुरबुर चालली. शेवटी आईंनी निकाल दिला. खर्चाची प्रत्येक पावती लावा. रांगेत उभं केलं, खरं सांगितलं नाही, जेवण वेळेत दिलं नाही, त्याचा त्रास झाला, तो झाला तेवढा लिहा. आणि एकादशीचा उल्लेख करा, पण तिची किंमत लावू नका. "ती माझी आहे," म्हणाल्या.

तेव्हा आम्ही मागितलं ६,५६० प्रत्यक्ष खर्च आणि ५,००० त्रासाबद्दल. एकूण ११,५६०.

लगेच आयोगाकडे गेलो नाही. आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला लिहिलं, मग त्यावरच्या अपील अधिकाऱ्याला. या दोघांची नावं आणि पत्ते प्रत्येक कंपनीला आपल्या संकेतस्थळावर द्यावे लागतात. सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकली. प्रत्येक ठिकाणी तेच छापील उत्तर. मग रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस. तिचं उत्तर आलं नाही, तेव्हा बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली.

गेवराई ते बीड फार लांब नाही, पण दर तारखेला एसटीने जायचं, दुकान बंद किंवा शेजाऱ्याच्या भरवशावर, हे सोपं नव्हतं. एक तारीख कंपनीचे वकील आले नाहीत म्हणून वाया गेली. कॉरिडॉरमध्ये बसून मी आसपासच्या लोकांचे प्रश्न ऐकले. कुणाचं बियाणं उगवलं नव्हतं, कुणाला विमा कंपनीने पैसे नाकारले होते, कुणाचा ट्रॅक्टर. त्यांच्यापुढे आमची तक्रार मला फार छोटी वाटली. पण एक शेतकरी मला म्हणाला, "ताई, छोटी असली म्हणून काय, पावती हाये ना?" ते खरं होतं.

त्यानंतरच्या तारखेला कंपनीच्या वकिलांनी स्वतःहून विषय काढला. १०,००० रुपये, बँकेत, महिन्याभरात. भाच्याचा फोनवर विरोध. "मामी, लढलात तर पंचवीस मिळतील. कारण त्यांच्याकडे नाहीच." खरंही असेल. पण आमचा गेलेला खर्च भरून निघत होता, त्रासाचं काही मिळत होतं, आणि पुढच्या प्रत्येक तारखेला राग नव्याने तापवावा लागला असता. मला विचाराल तर हाच निर्णय सगळ्यात अवघड होता. थांबणं म्हणजे त्यांना सोडून देणं होईल का, हे मला कळत नव्हतं. ह्यांनी घरी फोन लावला. आई म्हणाल्या, "गेलं ते भरलं. आता घरी या." आम्ही तडजोड लिहून घेतली, सह्या झाल्या, पैसे पंचविसाव्या दिवशी आले.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी, म्हणजे तुम्हाला आमच्यासारखं शोधत बसावं लागणार नाही.

दोन विमानं असतील तर शक्यतो एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं काढून चार पैसे वाचतात, पण पहिलं उशिरा आलं तर दुसरी कंपनी तुम्हाला ओळखत नाही.

उशिराचे मेसेज पुसू नका. विमानतळावरच्या वेळापत्रकाच्या फळ्याचा फोटो काढा. बोर्डिंग पास टाकून देऊ नका. रिक्षावाल्याकडूनही चिठ्ठी मागा किंवा ऑनलाइन पैसे द्या, म्हणजे नोंद राहते.

उशिराचं कारण लेखी मागा. तोंडी "सगळं बघतील" म्हणणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा. आमच्या प्रकरणात ह्यांनी त्याच दिवशी लिहून ठेवलेली ती चिठ्ठी सगळ्यात कामाला आली.

व्हाउचर स्वीकारण्याआधी खालची बारीक अक्षरं वाचा. आणि काय करावं सुचत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन करा. मराठीतही बोलता येतं.

राहिला क्षमेचा प्रश्न. त्या दिवशी चिकलठाण्याच्या काउंटरवरचा मुलगा बावीस-तेवीसचा असेल. त्याला वरून जे सांगायला सांगितलं ते त्याने सांगितलं. त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, तेव्हाही फार नव्हतं. मुंबईतल्या रांगेत दुपारी दीडला जो राग आला होता, तो मात्र खरा होता, आणि तो घालवायला मला दशलक्षण पर्व यावं लागलं. क्षमा ही माझ्या मनाची गोष्ट आहे, ती कंपनीकडून काही यावं म्हणून थांबत नाही, आणि पैसे आले म्हणून आपोआप होतही नाही. हिशेब ही दोघांमधली गोष्ट आहे. दुकानात आम्ही गिऱ्हाइकाचे जास्त आलेले पन्नास रुपये परत करतो, तेव्हा त्याला कुणी दया म्हणत नाही. मग आपले परत मागण्याला तरी राग का म्हणायचं? फक्त मागताना जिभेवर आणि कागदावर खोटं नसावं, आणि भरलं की थांबता यावं. हे दोन्ही मला आईंकडून शिकायला मिळालं.

आलेल्या १०,००० मधून ६,५६० वहीत प्रवासखर्चाच्या पानावर जमा केले. एसटी, झेरॉक्स, पोस्ट आणि शपथपत्राचे मिळून ६४० झाले होते, ते वजा केले. उरले २,८००. ते आईंनी वेगळ्या पाकिटात ठेवायला सांगितले आणि पाकिटावर स्वतःच्या हाताने "मार्गशीर्ष" असं लिहिलं. येत्या वर्षी एकादशीच्या चार दिवस आधी निघायचं, रेल्वेने, दोन रात्री लागल्या तरी चालतील, असं त्यांचं म्हणणं आहे. गुडघ्यांचं काय, विचारलं तर म्हणतात, डोलीवाल्यांचा नंबर आहे ना तुझ्याकडे.

नंबर आहे. कालच फोन करून ठेवला.

जय जिनेंद्र.